गिरणीच्या पिठावरून क्ष-किरण समजतात का?

कयाधूकाठ: औंढ्याजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, येतंय म्हटल्यापासून आमच्या हिंगोलीकडं शाळाशाळांत कृष्णविवरावर भाषणं चालू आहेत. पालुपद एकच: ते सगळं गिळतं, उजेडसुद्धा सोडत नाही. मग एखादं पोरगं विचारतं, तिथून क्ष-किरण कसे येतात? वक्ते पाणी पितात. माझं मत, सुरुवातच गिरणीपासून करा. दळलेलं पीठ हाताला गरम लागतं ना? तसा आत पडणारा वायू विवराभोवतीच्या चकतीत घासतो, तापतो, उजळतो. किरण विवरातून नाही, उंबऱ्याबाहेरून येतात. एवढं पुरे.

मोंढ्यावरचा: नाही पुरत. तुमची गिरणी लहान विवराला चालते. सूर्याच्या दहापट वस्तुमान असलं तर चकती कोटभर अंशांपर्यंत तापते, स्वतःच क्ष-किरण देते. दीर्घिकेच्या मध्यातलं विवर कोट्यवधी सूर्यांएवढं, आणि त्याची चकती उलट थंड, लाखभर अंशांची! ती देते अतिनील उजेड. क्ष-किरण येतात जवळच्या विरळ, अब्जभर अंशांच्या इलेक्ट्रॉनांच्या ढगातून. त्याला कोरोना म्हणतात. अतिनील प्रकाशकण त्या इलेक्ट्रॉनांवर आदळतो आणि त्यांची ऊर्जा घेऊन क्ष-किरण होऊन सुटतो.

निवृत्त मास्तर: सातवीच्या पोराला कोरोना म्हटलं की मास्क आठवतो. त्यापेक्षा आकडा सांगा. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना ०.७ टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते. विवरात पडताना, ते फिरत नसलं तरी, ६ टक्क्यांच्या आसपास.

लातूरकर: पण लायगोच्या निमित्तानं हे कामून सांगायलात? लायगो ऐकणार ताऱ्यांएवढ्या विवरांच्या टकरी. महाकाय विवरांच्या लहरी इतक्या संथ की त्याच्या कानालाच लागत नाहीत. क्ष-किरण तर हवाच शोषते, म्हणून २०१५ मध्ये ॲस्ट्रोसॅट उपग्रह वर पाठवला. उद्या पोरं औंढ्याला क्ष-किरण बघायला जातील.

कयाधूकाठ: लातूरकर, हे खरं, भाषणात आधी सांगायलाच हवं. पण पोरगं प्रकल्प बघून प्रश्न विचारत नाही. आणि मोंढेवाले, गिरणी मी सोडत नाही, पुढं भट्टी जोडतो. नागपंचमीला भडभुंजा तापल्या वाळूत ज्वारी टाकतो, दाणा वाळूची उष्णता घेतो आणि लाही होऊन उडतो. अतिनील कण म्हणजे दाणा, कोरोना म्हणजे वाळू.

मोंढ्यावरचा: लाह्या चालतील. फक्त हा ढग चकतीवर सायीसारखा पसरलाय का विवराच्या माथ्यावर दिव्यासारखा टांगलाय, यावर खगोलशास्त्रज्ञांचंच अजून जुळत नाही. तुमची भट्टी कुठं मांडणार, तेवढं सांगा.