मदत हवी आहे: मिआटाच्या पुढच्या ब्रेक डिस्क साध्या घेऊ, भोकांच्या की खाचांच्या?

लालमिआटा
गाडी (माझदाची मिआटा, दोन आसनी छोटी स्पोर्ट्स कार) स्टँडवर आहे, पुढची दोन्ही चाकं काढून ठेवलीत आणि रविवारी सकाळी गाडी लागणारच आहे, म्हणून थेट विचारतो. ६० मैलांच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. पुढच्या डिस्क बदलायच्या आहेत. साध्या, भोकं पाडलेल्या आणि खाचा मारलेल्या असे तीन प्रकार दिसतात, किमतीत दुपटीचा फरक आहे. कोणत्या घेऊ? जुन्या डिस्कची जाडी व्हर्नियरने १७.६ मिमी भरली. डिस्कला चिमटीत धरणारे पॅडही नवे टाकणार आहे. आज रात्री दहाच्या आत ऑर्डर दिली तरच शनिवारी हातात पडतील. कृपया लवकर सांगा.

पानापक्कड
साल कुठलं? इंजिन कुठलं? मिआटा १९८९ पासून बनते आहे, नुसतं मिआटा म्हणून कसं कळणार?

लालमिआटा
१९९२, १.६ लिटरची. उघडमिट दिव्यांची.

पानापक्कड
मग डिस्क घेऊच नका! माझ्याकडे नऊ वर्षं १९९१ ची होती. १.६ ची नवी कोरी पुढची डिस्कच १८ मिमी असते आणि १६ पर्यंत चालते. तुमची १७.६ म्हणजे फक्त ०.४ झिजली आहे. हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या मधल्या भागावर, गंज साचला असेल, तारेच्या ब्रशने घासा, डिस्क परत बसवा. पैसे वाचवा.

घाटवेडा
मी तर भोकांच्याच सांगेन. ताम्हिणीत उतरताना माझ्या गाडीचे ब्रेक तापून पेडल खाली जायचं. भोकांच्या डिस्क टाकल्या, प्रश्न मिटला. दिसायलाही सुंदर.

रोहिणी_डेट्रॉइट
घाटवेडा, पेडल खाली जाणं म्हणजे बहुतेक ब्रेक ऑइल उकळणं. डिस्क बदलताना तुम्ही ऑइलही बदललं होतं का?

घाटवेडा
हो, बदललं होतं.

रोहिणी_डेट्रॉइट
मग श्रेय ऑइलला द्या. पूर्वीच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटायचा, त्याला वाट मिळावी म्हणून भोकं पाडायचे. आताच्या पॅडना त्याची गरज जवळपास राहिलेली नाही. उलट भोकांमुळे डिस्कचं वजन कमी होतं, म्हणजे उष्णता सामावून घेणारं लोखंडही कमी होतं, आणि स्वस्त डिस्कमध्ये भोकाच्या कडेपासून तडे जातात. हे तडे मी कामावर रोज टेबलावर बघते. रस्त्यावरच्या मिआटाला चांगल्या कास्टिंगची साधी डिस्क पुरते. मधल्या टोपीला (हबवर बसणाऱ्या उंच भागाला) आणि कडांना गंजरोधक लेप असलेली मिळाली तर तीच घ्या, अमेरिकेत हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात.

घाटवेडा
मग पोर्शवाले कारखान्यातूनच भोकांच्या डिस्क का देतात?

रोहिणी_डेट्रॉइट
त्यांची डिस्क आकाराने मोठी असते आणि भोकांची जागा, कडांचा उतार हे सगळं डिझाइनमध्येच धरलेलं असतं. साधी डिस्क आणून तिला नंतर ड्रिल मारणं ही वेगळी गोष्ट.

समीर_ठाणे
ब्रेक ऑइलचा विषय निघालाच आहे तर डॉट ४ दर्जाचं टाका. डॉट ३ पाणी शोषल्यावर १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं, डॉट ४ साठी ती मर्यादा १५५ आहे. आणि डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही.

लालमिआटा
ऑइल गेल्याच वर्षी बदललंय. प्रश्न डिस्कचा आहे. साडेआठ वाजले. पानापक्कड म्हणतात घेऊ नका, रोहिणीताई म्हणतात साध्या घ्या. घेऊ की नको?

काका_चिंचवड
लालमिआटा, दोन मिनिटं द्या. मी मशीन शॉपमध्ये तेहतीस वर्षं काढली, त्यात बरीच वर्षं डिस्क आणि ड्रमच हाताळले. डिस्क वाकडी होऊन थरथरते असं लोक म्हणतात, पण ती सहसा वाकत नाही. तिची जाडी फिरताना कमीजास्त होते. एका जागी १७.६ मोजून भागत नाही, गोल फिरून आठ ठिकाणी मोजा. आणि गाडी हिवाळ्यात उभी होती का?

लालमिआटा
हो, डिसेंबर ते मार्च गॅरेजमध्ये. थरथर एप्रिलपासून.

काका_चिंचवड
मग उभ्या गाडीत पॅड जिथे टेकले होते तिथे ठसा उमटला असेल. हबवरचा गंजही बघा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर नवी डिस्कसुद्धा डोलते आणि काही हजार मैलांत तिचीही जाडी बिघडते. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) असेल तर डोल ०.१ मिमीच्या आत हवा. आता मुख्य मुद्दा. तुम्ही जाडी सांगितलीत, व्यास सांगितला नाही. आणि डिस्कच्या टोपीवर कमीत कमी जाडीचा आकडा ओतलेला असतो, तो वाचा.

लालमिआटा
काका, साल सांगितलं आहे ना? १९९२. व्यास त्यावरून कळतोच.

काका_चिंचवड
तीस वर्षांत गाडी किती हातांतून गेली हे सालावरून कळत नाही. टेप लावा.

घाटवेडा
एक विचारू का, ही गाडी भारतात आणता येईल का? लहानपणापासूनचं स्वप्न आहे.

समीर_ठाणे
जुनी आयात करायची तर तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. यांची अमेरिकेतली, डाव्या स्टिअरिंगची आहे. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

लालमिआटा
आठ ठिकाणी मोजली: १७.५ ते १७.७. टेपने व्यास १० इंच, अगदी जरासा जास्त. टोपीवर गंज होता, खरवडला. आकडा १८ आहे. पण पानापक्कड तर १६ म्हणाले होते?

रोहिणी_डेट्रॉइट
थांबा. १.६ ची पुढची डिस्क २३५ मिमी, म्हणजे सव्वानऊ इंच. तुमची २५५ ची आहे. ती १९९४ पासूनच्या १.८ ची डिस्क. ती नवी असताना २० मिमी असते आणि १८ ला बाद होते. तुमच्या डिस्क आधीच बाद झाल्या आहेत.

पानापक्कड
माझं चुकलं. लालमिआटा, मी आधी जे लिहिलं ते सोडून द्या, त्या डिस्क परत चढवू नका. आधीच्या मालकाने १.८ चे ब्रॅकेट आणि डिस्क बसवलेले दिसतात. पुष्कळ जण करतात, मला विचारायला हवं होतं.

लालमिआटा
बरं झालं काका. मी ब्रश घेऊन हब घासायला बसलोच होतो. म्हणजे ऑर्डर १९९४ ची द्यायची? आणि पॅड?

रोहिणी_डेट्रॉइट
१९९४ ते १९९७ मधल्या सालाच्या पुढच्या डिस्क. पॅडही त्याच सालचे, १९९२ चे नकोत. बसवण्याआधी जुन्या पॅडला जोडून आकार ताडून पाहा.

पानापक्कड
एवढं करतच आहात तर २००१ नंतरच्या स्पोर्ट ब्रेकचा सेट शोधा. पुढे २७०, मागे २७६ मिमी.

काका_चिंचवड
त्याला १५ इंची चाकं लागतात. यांना रविवारी गाडी हवी आहे. मागची डिस्कही मोजा हो, तिथेही बदल झाला असेल.

लालमिआटा
पुढच्या साध्या, लेपवाल्या मागवल्या. नऊ चाळीसला ऑर्डर गेली. मागची मोजली, नऊ इंचांपेक्षा थोडी जास्त. मागे मूळचीच म्हणायची का? पुढे मोठी आणि मागे लहान असणं धोक्याचं आहे का?

रोहिणी_डेट्रॉइट
मूळचीच, २३१ ची. ब्रेकचा जोर थोडा पुढे सरकतो, पण घसरताना आधी पुढची चाकं अडकतात, गाडी सरळ राहते. उलटं असतं तर मी तुम्हाला गाडी काढू दिली नसती. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० मैलांपर्यंत आठ-दहा वेळा दाबून हळू करा, पूर्ण थांबू नका, मग न थांबता थोडं चालवून गार होऊ द्या. तापलेला पॅड एका जागी दाबून ठेवला की पुन्हा तोच ठसा आणि पुन्हा तीच थरथर.

लालमिआटा
मागचे पॅडही संपत आले आहेत, घरात एक नवा सेट पडून आहे, तोही टाकावा म्हटलं. पण मागचा, पॅड दाबणारा पिस्टन सी-क्लॅम्पने (स्क्रूच्या शिकंज्याने) आत जातच नाही. अजून जोर लावू?

पानापक्कड
अजिबात नाही! हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. मागच्या कॅलिपरमध्ये (पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या चिमट्यात) हँडब्रेकचा स्क्रू असतो, तो पिस्टनला मागे येऊ देत नाही. कॅलिपरच्या मागच्या बाजूला एक झाकणाचा बोल्ट आहे, तो काढा. आत ४ मिमीची ॲलन की बसते. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, पिस्टन हळूहळू आत जाईल. पॅड बसले की उजवीकडे फिरवून घट्ट होईपर्यंत न्या, मग साधारण पाव-अर्धा फेरा मागे घ्या. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. झाकण परत लावायला विसरू नका.

लालमिआटा
फिरलं! दोन्ही बाजूंचे पिस्टन आत गेले. पुढच्या डिस्क शनिवारी आल्या की आधी टेप लावतो, मगच खोका फाडतो.