मुंबई–टोकियो: जाताना आठ तास, येताना पावणेदहा?

प्रश्न

माझे वडील जानेवारीत माझ्या बहिणीकडे टोकियोला जाणार आहेत. तिकिटावर मुंबईहून रात्री ८.१० ला निघून सकाळी ७.४० ला पोहोचण्याची, तर परतताना सकाळी ११.३० ला निघून संध्याकाळी ५.४५ ला मुंबईत उतरण्याची वेळ दिली आहे. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते हे धरून हिशेब केला, तर जाताना आठ तास आणि येताना पावणेदहा तास होतात. अंतर तेच असताना हा फरक का पडावा? वडील म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून. पण टोकियोही पुढेच सरकत असेल, तर जातानाच जास्त वेळ लागायला हवा.

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतूनच जाते, त्यामुळे तो हिशेब येथे लागू पडत नाही. फरक वाऱ्याचा आहे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. दोन्ही शहरांतील हवाई अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ९०० आणि वाटेतील वारा सरासरी १०० किलोमीटर धरला, तर जाताना ६ तास ४८ मिनिटे आणि येताना साडेआठ तास लागतील. म्हणजे आपला पावणेदोन तासांचा फरक जवळजवळ सापडलाच.

थोडे अवांतर: हे वारे वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो येथून फुगे सोडून मोजले होते. अहवाल मात्र १९२६ साली एस्पेरांतो या कृत्रिम, मोजक्याच लोकांना येणाऱ्या भाषेत काढला, त्यामुळे तो फारसा कोणी वाचला नाही.

प्रतिसाद २

वरच्या आकडेमोडीपेक्षा तिकिटावरचा वेळ दोन्हीकडे तासाभराने जास्त आहे, याचे कारण धावपट्टीवरच्या खोळंब्याखेरीज वाटेतही आहे. गोलावर दोरा ताणून पाहिल्यास सर्वांत जवळचा मार्ग हिमालयाचा पूर्व भाग आणि तिबेट ओलांडून जातो. परंतु केबिनमधील हवेचा दाब गेला, तर विमानाला लवकरात लवकर सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते आणि तिबेटचे पठारच सरासरी ४,५०० मीटर उंच आहे. म्हणून विमाने शक्यतो दक्षिणेकडून, म्यानमारवरून वळसा घालतात.

प्रतिसाद ३

गेल्या फेब्रुवारीत याच प्रवासात मी समोरच्या पडद्यावरचा वेग पाहत बसलो होतो. जाताना शांघायच्या पुढे तो ताशी १,०९० झाला, परतताना जपानच्या क्युशू बेटावर ६८० च्या आसपास रेंगाळला आणि शेजारचे काका दोनदा म्हणाले, "अहो, आपण थांबलोय की काय?" थेट विमान आहे तर तेच ठेवावे, बँकॉकमार्गे अंतर सुमारे ७,७०० आणि सिंगापूरमार्गे ९,२५० किलोमीटरवर जाते, शिवाय मधल्या थांब्याचे तास वेगळे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. वडिलांना वाचून दाखवले. "पण वारे पश्चिमेकडूनच का वाहतात? पृथ्वी फिरते म्हणूनच ना?" असे त्यांनी लगेच विचारले.

प्रतिसाद १

त्यांना माझा नमस्कार सांगा. तेवढ्यापुरते त्यांचे बरोबर आहे.