वालेन्सबेक खरंच इशॉयमध्ये टाकून द्यायचं?

सायकलवरचा खेकडा: कालच्या पोस्टला उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा. “डेन्मार्कमधलं जेमतेम नऊ चौरस किमीचं वालेन्सबेक कम्यून (म्हणजे इथली नगरपालिका), दुसरा मेयर कशाला पोसायचा, शेजारच्या इशॉय कम्यूनमध्ये विलीन करा” म्हणणाऱ्या दादा, आधी नकाशा बघा. खाली किनारा आणि एस-टोग (लोकल ट्रेन), मध्ये जुनं गाव, वर नॉर्डमार्क आणि मधून मोटरवे आडवे गेलेले, तिन्हीकडची रडगाणी वेगळी. आमच्याकडे कौन्सिलवाली बाई बेकरीच्या रांगेत भेटते, बंद पडलेल्या दिव्याचं तिथेच सांगतो. मोठ्या कम्यूनमध्ये करून दाखवा.

चहाबाज: दादा नाही, ताई. बेकरी राहू दे. २००७ ला २७१ कम्यूनच्या ९८ झाल्या, वीस हजार लोकसंख्येखालच्यांना सांगितलं विलीन व्हा नाहीतर शेजाऱ्याशी करार करा. तुम्ही करार केलात, बरीच जड कामं इशॉयच्या गळ्यात. संसार एकत्र आणि दारावर पाट्या दोन!

ओला पुठ्ठा: मेयर दहा ठेवा हो, आधी कचऱ्याचे डबे सगळीकडे सारखे करा. कचऱ्याचे दहा प्रकार देशभर ठरलेत पण कुठल्या डब्यात काय एकत्र, ते कम्यून बदललं की बदलतं. मी तीन किमीवर घर बदललं. लेकीच्या बर्थडेनंतर भर पावसात चीज चिकटलेले पिझ्झाचे खोके पुठ्ठ्यात टाकले, सकाळी डबा तसाच, वर चिठ्ठी चिकटवलेली. शेजारचे आजोबा खिडकीतून बघतायत!

चहाबाज: चीज लागलेला पुठ्ठा कुठेच चालत नाही, कम्यूनला का शिव्या?

ओला पुठ्ठा: आणि दुधाचे खोके? जुन्या घरी प्लॅस्टिकसोबत जायचे, इथे वेगळे. ते पण माझंच चुकलं?

सायकलवरचा खेकडा: धागा कचऱ्यात गेला, अक्षरशः.

नवखा: आम्ही पगारातून साधारण पंचवीस टक्के कम्यून टॅक्स भरतो आणि डबेही आम्हीच विसळायचे. कोण ऐकतं आपलं?

चहाबाज: चार वर्षं सलग राहिलात की नागरिकत्व नसलं तरी कम्यूनच्या निवडणुकीत मत देता येतं. नोव्हेंबर २०२५ ला दिलंत?

नवखा: मतदानाचं कार्ड आलं होतं. फ्रीजवर लावलंय.

सायकलवरचा खेकडा: 🙏 ताई, करारावर काम चालतं हे मान्य. पण मग वेगळं राहून कुणाचं बिघडलं?

चहाबाज: बिघडलं नाही, म्हणूनच तर चिडचिड होते. बाकी तुमच्या बाईला सांगा, स्टेशनमागचा दिवा अजून बंद आहे.