‘द क्राइम्स ऑफ ग्रिंडेलवाल्ड’ समजण्यासाठी पुस्तके वाचलेली असणे आवश्यक आहे का?

निवांत प्रेक्षक

मी हॅरी पॉटरची पुस्तके वाचलेली नाहीत आणि चित्रपटही क्रम न पाळता, दूरचित्रवाणीवर लागतील तसे पाहिले आहेत. तरीही त्याच जादूगारांच्या जगातला २०१६ चा ‘फँटास्टिक बीस्ट्स’ मला मनापासून आवडला होता, कारण १९२६ सालच्या न्यूयॉर्कमध्ये न्यूट स्कॅमँडर या जादूगाराच्या पेटीतून जादुई प्राणी निसटले आहेत आणि ते पुन्हा पकडायचे आहेत, एवढे समजले की पुढे कोणाला काही विचारावे लागत नव्हते. शिवाय जादू न येणारा, बेकरी काढण्याची स्वप्ने पाहणारा जेकब त्या जगात माझ्याइतकाच नवखा होता.

त्याचा २०१८ चा उत्तरभाग, म्हणजे ‘द क्राइम्स ऑफ ग्रिंडेलवाल्ड’, नुकताच भाचीबरोबर पाहिला. १३४ मिनिटांत मी तिला “हा आता कोण?” असे इतक्या वेळा विचारले की शेवटी तिने उत्तर देणेच सोडले. न्यूटच्या तळघरातील निफलर या छोट्या जादुई प्राण्याची पिल्ले लोभस आहेत, आणि झोऊवू हा मांजरासारखा अजस्र चिनी प्राणी साध्या खेळण्याला भुलतो, तो प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. परंतु पॅरिसच्या दफनभूमीत लीटा लेस्ट्रेंज आणि युसुफ कामा आपापल्या घराण्यांची कैफियत मांडू लागले, तेव्हा परक्या लग्नाच्या पंगतीत बसून वधूपक्षाची भाऊबंदकी ऐकणाऱ्या पाहुण्यासारखी माझी अवस्था झाली. अखेरीस आपले कुळ शोधणाऱ्या क्रीडेन्स या तरुणाला त्याचे खरे नाव कळताच भाची ताडकन उठून बसली. मला त्यात धक्का कसला, हेच उमगेना. हा दोष माझ्या तयारीचा समजावा की चित्रपटाचा? आणि तिसरा भाग पाहावा का?

पिंपळपान

दोष आपला नाही. मी हॅरी पॉटरची सातही पुस्तके अनेकदा वाचली आहेत, तरी दफनभूमीतील तो प्रसंग मला दुसऱ्या खेपेसच नीट कळला. हॅरीच्या आठपैकी सात चित्रपटांच्या पटकथा स्टीव्ह क्लोव्हस यांच्या होत्या, आणि जाडजूड कादंबरीतले काय गाळायचे, हे ठरवणे हाच त्या कामातला मोठा भाग होता. येथे पटकथा एकट्या जे. के. रोलिंग यांची, म्हणजे पुस्तकांच्या लेखिकेचीच आहे. वाचक चार पाने मागे उलटून नाते पुन्हा तपासू शकतो, चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला ती सोय नसते, याचे भान लेखनात राहिलेले नाही. पुस्तके वाचण्याचा तोटाही होतोच. पाचव्या पुस्तकात, म्हणजे कथेतल्या १९९५ मध्ये, हॅरीची शिक्षिका मॅकगोनागल आपण ३९ वर्षे शिकवत असल्याचे सांगते. तीच येथे १९२७ मध्ये हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेची शिक्षिका म्हणून वावरताना दिसते!

सायंतारा

वंशावळीबद्दलची तक्रार मान्य, पण मला हा भाग पहिल्यापेक्षा अधिक वजनदार वाटतो. खलनायक जादूगार ग्रिंडेलवाल्ड जमलेल्या जादूगारांना धमकावत नाही. तो त्यांना येऊ घातलेल्या महायुद्धाची दृश्ये दाखवतो आणि ते आपणच थांबवू शकतो, असे म्हणतो. अमेरिकेतील जादूगारांच्या कायद्यानुसार जेकबच्या प्रेमात असलेल्या क्वीनी या जादूगारणीला जादू न येणाऱ्या त्याच्याशी लग्न करता येत नाही, म्हणून मोकळीक देऊ करणाऱ्या या माणसाच्या बाजूला ती निळी आग ओलांडून जाते, आणि पहिल्या महायुद्धात लढून आलेला जेकब ते पाहत उभा राहतो. हे समजण्यासाठी एकही पुस्तक वाचावे लागत नाही. आपण लेस्ट्रेंज कुटुंबाचा नाद सोडून या दोघांकडे लक्ष द्यावे.

उंबरठा

तिसरा भाग (२०२२) अवश्य पाहावा. त्याच्या पटकथेत रोलिंग यांच्या जोडीला क्लोव्हस आहेत आणि कथा बरीच सरळ चालते. ग्रिंडेलवाल्डच्या भूमिकेत जॉनी डेप यांच्याऐवजी मॅड्स मिकेल्सन आहेत. चेहरा का बदलला, याचे स्पष्टीकरण चित्रपट देत नाही, तेव्हा भाचीला विचारू नये. पाच भाग जाहीर झाले होते, मात्र तिसऱ्यानंतर चौथा आलेला नाही.

निवांत प्रेक्षक

सर्वांचे आभार. क्वीनीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. त्या वेळी मी युसुफचे वडील कोण, हे आठवत होतो. मॅकगोनागलचे गणित भाचीला ऐकवले. “मामा, ते आम्ही सोडून दिले आहे,” असे ती म्हणाली.