पातं १२ अंशात की २० अंशात?

भाऊ, पहिला ब्लॉक प्लेन (एका हातात मावणारा छोटा रंधा) घ्यायचाय, पातं १२ अंशात बसवलेला घेऊ की २० अंशातला, असं विचारलंत. डोळे झाकून १२ अंशाचा घ्या.

कारण साधं आहे. आपल्या नेहमीच्या रंध्यात पात्याच्या धारेचा घासलेला उतार खाली असतो, ब्लॉक प्लेनमध्ये वर. त्यामुळे लाकूड कापण्याचा कोन काढायला धारेचा कोन पात्याच्या बैठकीच्या कोनात मिळवायचा. २५ अंशाची धार असेल तर १२ वर ३७ होतात, २० वर ४५. फळीचं टोक साफ करायला ३७ बरे. उलट्या रेषेचं लाकूड उचकटायला लागलं, तर दुसरं पातं ३३ अंशांवर घासून ठेवा, झाले ४५. वीसवाल्याला मात्र ३७ वर आणायचं तर धार १७ अंशांची करावी लागेल, ती टिकणार नाही.

जुना बघत असाल तर स्टॅनली कंपनीचा साडेसाठ (६०½) नंबर घ्या. २२० नंबर स्वस्तात मिळतो, पण त्याचं तोंड, म्हणजे पातं बाहेर येतं ती फट, लहानमोठं होत नाही. मी जळगावात जुन्या बाजारात तोच उचलला होता, घाईत. सागाच्या चौकटीच्या कडा मोडायला चालतो, बारीक कामाला हात आखडतो. घेताना तोंडाजवळ तडा आहे का ते उजेडात धरून बघा. गंज निघतो, बिडाचा तडा जात नाही.

आणि साग धार लवकर खातो, त्यात वाळूसारखी सिलिका असते. धारेचा दगड जवळच ठेवा.