‘आणून देणाऱ्यास इनाम’: इंदूरकरांनो, मिळालं का इनाम?

करार कायदा 1872, कलम 8: प्रस्तावातली अट पुरी केली की तोच होकार. ‘मंजूर आहे’ असं वेगळं कळवावं लागत नाही. खांबावरचं पत्रक असो की दुकानाची स्कीम, तुमचे अनुभव लिहा. दुकानांची नावं नकोत.

रामबाग: मागच्या गल्लीतला लॅब्रेडोर हरवला, पत्रकावर 5,000. मला आणि मित्राला तो मल्हारगंजात पोह्यांच्या ठेल्यापाशी दिसला, सांडलेली शेव चाटत होता. रिक्षात घालून आणला. मालक म्हणाले, "अरे, तुम्ही तर घरचेच, घरच्यांना कसलं इनाम?" मित्र खांबावरचं पत्रकच सोलून घेऊन आला. ‘घरचे सोडून’ असं त्यात कुठेच नव्हतं. पैसे मिळाले, बोलणं बंद आहे.

लोकमान्यनगर: आईची बांगडी हरवली. बिल्डिंगच्या ग्रुपवर 2,000 जाहीर केले. पोळ्यांच्या मावशींना ती जिन्यात सापडली, त्यांनी आणून दिली. ग्रुपवर त्या नाहीतच, इनामाचा पत्ताच नव्हता. वकिली शिकणारा धाकटा लगेच लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त काढून बसला. अलाहाबाद हायकोर्ट, 1913. मालकाचा पळालेला पुतण्या मुनीमजींनी हृषीकेशात शोधला, 501 रुपयांच्या इनामाचं कळलं मागाहून. दावा फेटाळला. जो प्रस्ताव ठाऊकच नाही, तो स्वीकारणार कसा? आई म्हणाली, "तुझं हायकोर्ट अलाहाबादला. मावशी उद्या सकाळी सातला माझ्या दारात." दिले दोन हजार.

पलासिया, वकील: धाकट्याचा मुद्दा बरोबर आहे. शिवाय मुनीमजींना शोधायला मालकानेच धाडलं होतं, ते नोकरीतलंच काम. मावशींचं तसं नाही. त्याला 1925 चा हरभजन लाल खटलाही वाचायला सांगा. इनामाचं ठाऊक असलेल्या माणसाला हरवलेला मुलगा बरेलीत धर्मशाळेत दिसला. त्याने त्याला रेल्वे पोलिसांकडे नेलं, वडिलांना तार केली. घरापर्यंत पोचवला नाही, तरी इनाम त्याचंच ठरलं.

टिळकनगर: राजवाड्याजवळ एका दुकानात 10,000 च्या खरेदीवर कुकर. बिल झाल्यावर म्हणे, स्कीम काल संपली. बोर्ड दारात तसाच! त्याचा फोटो काढला, कन्झ्युमर कोर्टाचं नाव घेतलं. कुकर निघाला गोदामातून. शिटी मात्र होत नाही.

रामबाग: काकू, रिंग बदलून बघा.