मदत हवी आहे: गोणी टाकताना कंबरेतून वळणं कसं थांबवायचं?
५० किलोच्या गोण्या थप्पीवरून वजनकाट्यावर टाकताना माथाडी पाय रोवून कंबरेतूनच वळतात. वाकणं आणि पिळणं एकदम झालं की मणक्यांमधल्या गादीच्या मागच्या कडेवर ताण येतो. नायॉश या अमेरिकी कामगार-सुरक्षा संस्थेच्या १९९१च्या ओझं उचलण्याच्या सूत्रात आदर्श स्थितीतही मर्यादा २३ किलो. ९० अंश वळलं तर जेमतेम १६. म्हणजे ५० किलो एकट्यानं उचलणं मुळातच चूक. पण लहान गोण्या येईपर्यंत काय करायचं?

काटा थप्पीला चिकटलेला, म्हणून पाऊल टाकायला जागाच नाही. मीटरभर सरकवला तर पाय वळतील, पण ओझं जास्त वेळ हातात राहील. काट्याचा फलाट जमिनीपासून ७५ सेंमीवर, साधारण लोंबत्या मुठीच्या उंचीला आणून कुणी पाहिलंय का? थप्पीपासून अंतर किती ठेवलंत?